भुसा

आधी पाय हलला. शनिवारची सुट्टी होती, औषधांच्या दुकानात रांगेत उभी होते, हातात नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी, आणि माझ्यापुढचा म्हातारा दुकानदाराला सांगत होता, "ते गार लागणारं मलम नको हो, लावलं की नुसता काटा येतो अंगावर. ते दुसरं द्या. ते... पिवळ्या झाकणाचं." मधे तो काहीतरी पुटपुटला, आणि माझ्या उजव्या पायाने दुकानाची फरशी दाबली. ऑफिसात माझ्या टेबलाखाली एक पायपट्टी आहे. शब्द कळला नाही की ती दाबायची, आवाज थोडा मागे जातो, पुन्हा ऐकायचं, मग टाइप करायचं. फरशी काही मागे गेली नाही. पाय मात्र दाबतच राहिला, कारण पायाने आवाज ओळखला होता आणि डोकं अजून चिठ्ठीतच होतं. अनोळखी माणसाला मी कधी किती वाजले म्हणूनसुद्धा विचारत नाही. ती मी म्हणाले, "गुडघा अजून दुखतोय का?"

"कमी आहे आता," तो म्हणाला, शेजाऱ्याला सांगावं इतक्या सहज. "पायऱ्या चढताना जाणवतं तेवढं." मग वळला. मी त्याला उंच आणि काटकुळा केला होता मनात. हा बुटका निघाला, मोठे कान, स्वेटरचं एक बटण भलत्याच रंगाचं. "माफ करा हं, ओळखलं नाही मी तुम्हाला." मी म्हटलं, चुकलं माझं, मला दुसरंच कुणी वाटलं. "वाटलं असेल," तो म्हणाला आणि हसला, "पण गुडघा तर माझाच दुखतो ना!" हे हसणंही मला ठाऊक होतं. आधी नाकातून हवा सुटते, मग घशात जरा खरखर होते. मी गोळ्या न घेताच दुकानातून बाहेर पडले. आपल्याच घरात चोरी करून पळाल्यासारखी चालले, आणि कोपऱ्यावर पोचले तेव्हा दुपारचा भोंगा झाला. जुन्या कापडगिरणीचा भोंगा. शेवटाला तो फाटतो, धाप लागल्यासारखा. हा फाटका भोंगा मी त्याच्या, म्हणजे मामाच्या, आवाजामागे वर्षानुवर्षं टाइप करत आले होते, कंसात: 'दूरवर भोंगा'. तो माझ्या ऑफिसच्या खिडकीतूनही रोज ऐकू येतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मामा हे त्याचं आमच्या ऑफिसातलं नाव. खरं नाव मला माहीत नाही, आम्हाला फक्त क्रमांक देतात. पण क्रमांकाशी रोज संसार करता येत नाही, म्हणून आम्ही नावं पाडतो. शेजारच्या टेबलावरची बाई 'डॉक्टरीण' आणि 'बोकड' अशी दोन माणसं ऐकते. माझा मामा. कारण वरच्यांना हवा होता तो त्याचा भाचा. भाचा तारा टाकणाऱ्या खात्यात होता. त्याने एका वर्तमानपत्राला सांगितलं की देशादेशांत ऐकण्याची देवाणघेवाण चालते, समुद्राखालच्या तारेला कुठे कुठे कान लावलेत ते मी स्वतः पाहिलंय. दुसऱ्या दिवशी सरकारने सांगितलं की असं काहीही अस्तित्वात नाही, आणि भाचा देशाबाहेर पळाला. जे अस्तित्वात नाही ते मी त्या दिवशीही नऊ ते पाच ऐकत होते, जेवणाची सुट्टी धरून. मग मामा आला माझ्याकडे. भाचा कधीतरी मामाला फोन करील, एवढ्याच आशेवर. मामा शिवणयंत्रं दुरुस्त करतो. दुकानात जुना फोन आहे, आणि दर रविवारी दुपारी तो त्याच्या ताईला, म्हणजे भाच्याच्या आईला फोन लावतो. ती दूर दुसऱ्या शहरात अंथरुणाला खिळलेली. तिला हलता येत नाही, याला गुडघ्यामुळे गाडीत बसवत नाही. भाच्याने कधी फोन केला नाही. त्याच्याबद्दल ते दोघं बोलतही नाहीत. बोलतात ते बाकी सगळं.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी आम्हाला सांगितलं होतं की आपण आपल्या माणसांचं कधीही ऐकत नाही. मंत्रीही हेच शपथेवर सांगतात, आणि गंमत म्हणजे ते खरं आहे. आपल्या माणसांचं ऐकतात ते पलीकडच्या देशातले लोक. त्यांच्या माणसांचं आपण ऐकतो. मग तो आवाज एकमेकांना देतो. सुनेच्या खोलीत आपण डोकवायचं नाही, शेजारणीला डोकवायला सांगायचं. म्हणजे देवावर हात ठेवून सांगायला मोकळं, की मी बाई कधी डोकावले नाही! हे मला कळत होतं, पण वरवर. सीमेपलीकडेही पुष्कळ लोक आपलीच भाषा बोलतात, आवाज 'तिकडून' असा शिक्का लावून येतो, तेव्हा मी समजत होते की माणसंही तिकडचीच. तिकडचा मामा, तिकडची ताई. भाचा इथला असला तरी त्याचं आजोळ तिकडचं असेल. तिकडच्या माणसाचं ऐकायला इतकं काही वाटत नाही. दूरच्या गाडीच्या खिडकीत कुणी जेवताना दिसावं तसं ते. आणि तो निघाला चार गल्ल्या पलीकडचा. माझ्याच शिवणयंत्राचा पट्टा कदाचित त्याच्याकडूनच आलेला असेल. नवऱ्याने आणला होता.

घरी गेले तर नवरा म्हणाला, "गोळ्या?" म्हटलं, दुकान बंद होतं. "दुकान बंद? या वेळेला?" त्याने वर पाहिलं आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं. तो निवृत्त मास्तर. खोटं ओळखतो, पण हल्ली पकडायचा कंटाळा करतो. मी भाषांतर खात्यात आहे, एवढंच त्याला माहीत. लग्न ठरलं तेव्हाही एवढंच सांगितलं होतं, आणि त्याने कधी खणून विचारलं नाही. सुरुवातीला चिडवायचा, "आज काय भाषांतर केलंस, सांग की," आणि मी म्हणायची, "अहो, हवामानाचं." मग ती चेष्टाच होऊन बसली. ऑफिसातून आले की विचारणार, "काय, पाऊस आहे का तिकडे?" इतक्या वर्षांत त्याला मी माझा एक खरा दिवस सांगितलेला नाही. पूर्वी याचा त्रास व्हायचा. आता फक्त थकवा येतो, ओले कपडे उचलताना येतो तसा. त्या संध्याकाळी मला वाटलं, याच्या शेजारी बसावं आणि सांगावं, अहो, आज माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं, शेवाळ ओढावं तर तळापासून येतं. मी कणीक भिजवायला घेतली.

नियम साधा आहे. ऐकलेल्या माणसाशी गाठ पडली तर त्याच दिवशी साहेबांना सांगायचं. मग मला दुसरीकडे बसवतील, ते सोडा; पण त्याला उचलतील. तुमची आणि त्या बाईची ओळख कुठली, तिने गुडघा कसा विचारला, भाच्याचा निरोप होता का. त्या बुटक्या माणसाला खुर्चीवर बसवून हे विचारतील, आणि तो नाकातून हसेल, आणि हसल्याबद्दल त्याला आणखी बसवून ठेवतील. म्हणून मी गप्प बसले. पण गप्प बसूनही भागत नव्हतं. रविवारी तो ताईला सांगणारच. त्याला काहीही पोटात ठेवता येत नाही, दुकानात मांजर शिंकली तरी तो ताईला सांगतो. 'काय सांगू ताई, एका बाईने भर दुकानात माझ्या गुडघ्याची चौकशी केली, ना ओळख ना पाळख!' हे सोमवारी माझ्याच टेबलावर येईल, हे बरं. पण माझा कागद साहेब वाचतात. आणि दुसरी भीती याहून वाईट. तो जर हे ताईला बोललाच नाही तर? म्हणजे कळलं त्याला. मूर्ख नाही तो. भाच्याने काय सांगितलं होतं ते त्यानेही वाचलं असेल. आणि माणसाला कळलं की तो सावध होतो, आणि माणूस सावध झाला की आमच्याकडे म्हणतात, पाणी मुरतंय. बडबड्या माणसाला काही होत नाही. गप्प झालेल्याचं प्रकरण वर पाठवतात.

इथे भुशाचं सांगायला हवं. आम्हाला शिकवलं होतं : दाणे टिपा, भुसा सोडा. भुसा म्हणजे कुणाचा पाय मुरगळला, कुणाची सून बोलत नाही, कुणाच्या छतातून गळतंय. ते टाइप करायचं नाही, फक्त 'घरगुती' लिहून पुढे जायचं. पण मामाच्या बाबतीत साहेब म्हणाले, याचं अक्षर न् अक्षर हवं, भुशात काय दडवलं असेल कुणास ठाऊक. तेव्हा मी मामाचा सगळा भुसा टाइप केला. ताईचं त्याला रागावणं, "अरे गधड्या, मोजे घालून झोपत जा!" लहानपणी याने विहिरीत टाकलेली तिची बाहुली, जिच्यावरून त्यांचं अजून भांडण होतं. आईच्या शिवणयंत्राचा आवाज ताई तोंडाने काढून दाखवायची आणि मग दोघंही हसत सुटायची. मला भाऊ आहे, पण आमचं असं बोलणं कधी झालं नाही. खरं सांगायचं तर सोमवारची मी वाट बघायची. लाज वाटते, पण बघायची. टाइप झालं की आवाज पुसायचा, कागद तेवढा ठेवायचा. पुसण्याआधी मात्र एकदा शेवटपर्यंत ऐकायचं, काही राहिलं नाही ना म्हणून. हे शेवटचं ऐकणं मी कधी घाईने केलं नाही.

सोमवार आला. हेडफोन लावला, पट्टी पायाखाली घेतली. फोन वाजला, ताईने उचलला. "बोल रे." तो म्हणाला, "कशी आहेस?" "मी कशी असणार, छत बघतेय. तू सांग. गुडघा?" आणि इथे तो थांबला. मी इतकी वर्षं त्याचं थांबणं ऐकलंय. खोकल्याआधीचं थांबणं वेगळं, चहा ओतताना थांबतो ते वेगळं. हे माझ्या ओळखीचं नव्हतं. "ठीक," तो म्हणाला. "मलम आणलंस?" "हो." "कुठलं?" "आणलं गं." मग ताईने काहीबाही सांगितलं आणि तो हूं हूं करत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "बाकी भेटल्यावर बोलू." मी पट्टी दाबली. भेटल्यावर बोलू. पुन्हा दाबली. या वाक्याखाली रेघ मारायला आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. दुसरं काही कळलं नाही तरी चालेल, हे कळलं पाहिजे. ताई म्हणाली, "भेटल्यावर? अरे, आता कुठलं आपलं भेटणं?" त्याने फोन ठेवला.

भोंगा व्हायला वेळ होता. शेजारची हेडफोन एका कानावरून सारून म्हणाली, "बोकडाने आज बायकोला फूल दिलंय, ऐकतेस का?" मी मान हलवली. माझी बोटं टाइप करायला लागली होती. मी लिहिलं : 'मामा : पिवळ्या झाकणाचं आणलं, गार नव्हे. ताई : मग आता तरी नाचशील. मामा : नाचतो की, तू ये बघायला.' बोटं थांबेनात. मी लिहिलं की एका बाईचं यंत्र आलंय दुरुस्तीला, आत सापडला मेलेला उंदीर आणि तिची हरवलेली कर्णफुलं. ताई म्हणाली, उंदीर नटून मेला म्हणायचा! हे मी रचलेलं होतं, एकूण एक शब्द, आणि तरी ते त्यांचंच होतं. ते कसं हसतील तेही मी कंसात लिहिलं. मग खरा आवाज शेवटपर्यंत ऐकला आणि पुसला. दुपारी साहेब कागद वाचून माझ्या टेबलापाशी आले. साहेब वाईट माणूस नाही, पोटाच्या दुखण्याने वाकून चालतो आणि कुणाला ओरडत नाही. "उंदीर नटून मेला!" ते म्हणाले. "तुमचा मामा अवली आहे हो." मी म्हटलं, आहे खरा.

मग हेच सुरू झालं. दर रविवारी मामा आणखी गप्प, आणि दर सोमवारी माझ्या कागदावर आणखी बडबड्या. मला ते जमायला लागलं, हेच भयंकर. रस्त्याने जाताना एखादी गोष्ट दिसली की वाटायचं, ही मामाला द्यावी. कुत्र्याने पळवलेली चप्पल दिली. नवऱ्याने कोड्यात घातलेला चुकीचा शब्दही दिला. आणि घरी मी मात्र फोनवर बोलेनाशी झाले. भावाचा फोन आला, आईच्या वर्षश्राद्धाचं विचारत होता, आणि मी हो, नाही, बघू, असं करत राहिले; शेवटी म्हणाले, भेटल्यावर बोलू. नवरा शेजारीच होता. "असं काय बोलतेस त्याच्याशी? सावकार आहे का तो?" तिकडे, पलीकडच्या देशात, कुणी बाई पायाखालची पट्टी दाबून माझं ते वाक्य पुन्हा ऐकत असेल. की तीही माझ्यासाठी काही रचत असेल, मला भावाशी हसवत असेल? तसं असेल तर तिचे उपकार. पण भावाला त्यातलं काय मिळणार होतं? त्याला मिळाली 'भेटल्यावर बोलू' म्हणणारी बहीण. मामाच्या ताईला जो भाऊ मिळत होता तसलीच. हे मला तिथे, फोनशेजारी, नवऱ्याच्या देखत, पहिल्यांदा नीट कळलं. मी मामाला कागदावर वाचवत होते. कागद ताईकडे जात नाही.

एकदा औषधांच्या दुकानावरून गेले. मुद्दाम गेले, कबूल आहे. वाटलं, भेटला तर सांगावं, बोला हो तुम्ही बिनधास्त, तुमचं ऐकणारी मीच आहे, मी सांभाळते. मग स्वतःचंच हसू आलं. चोराने घरमालकाला सांगावं, दार उघडं ठेवून झोपा, मी आहे! आणि मी तरी किती दिवस. मला उद्या ताप आला की मामा शेजारणीकडे जाणार, आणि ती इमानदारीने लिहिणार : 'बरं. हो. भेटल्यावर बोलू.' त्या दिवसांत मला ताप यायची इतकी भीती वाटायची की सर्दी झाली तरी ऑफिसात गेले. नवरा म्हणाला, "हवामान खातं बुडेल का एक दिवस तू नाही गेलीस तर?"

परवाच्या सोमवारी हेडफोन लावला तर फोन त्याने केलेला नव्हता. ताईने केला होता. तिचा श्वास आधी ऐकू आला, मग आवाज. "तुला एक विचारायचंय. खरं सांगशील?" "विचार." "माझं काय चुकलं रे?" तो म्हणाला, काही नाही गं. "मग बोलत का नाहीस माझ्याशी? आठवडाभर मी तुझ्या फोनवर काढते. छत बघते आणि रविवार कधी येईल ते बघते. पोरगा गेला. त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही, म्हटलं भाऊ आहे. तू पण हूं हूं करायला लागलास. त्या बाहुलीवरून बोलले म्हणून रागावलास का? नाही काढणार मी बाहुलीचं पुन्हा. शप्पथ." ताई रडत होती. म्हाताऱ्या माणसाचं रडणं टाइप करायला आमच्याकडे शब्द नाही, आम्ही 'अस्पष्ट' लिहितो. मामा म्हणाला, "ताई, तसं नाही." "मग कसं?" मी पट्टीवरून पाय काढून घेतला. तो सांगेल, आत्ता सांगेल, आणि मी ते कसं लिहू, हेही माझ्या डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू. पण तो काही बोलला नाही. त्याला तिला वाचवायचं असेल, की स्वतःला, की पोराला. "राहू दे," ताई म्हणाली. "राहू दे. मोजे घालत जा." आणि तिने फोन ठेवला.

त्याने ठेवला नाही. ताईचा आवाज गेल्यावर तार मोकळी झाली, दुकानातलं घड्याळ ऐकू यायला लागलं, कुठेतरी एक यंत्र कुणीतरी हाताने फिरवल्यासारखं दोन टाके चाललं आणि थांबलं. मग त्याने नाकातून हवा सोडली, पण हसला नाही. "बाई," तो म्हणाला. मी ताठ बसले. "ऐकताय ना? गुडघा बरा आहे. तेवढं विचारलंत, त्याचं वाईट नाही वाटलं मला." थोडा थांबला. हे थांबणं मला कळलं, घोट गिळत होता. "आता ताईला मी काय सांगू, ते सांगा." आणि तो वाट बघायला लागला. खरोखरच वाट बघत होता, फोन कानाला धरून, जसा माणूस दुसऱ्याने उत्तर द्यावं म्हणून धरतो. मी तोंड उघडलं. इतके सोमवार मी त्याच्या तोंडी शब्द घातले होते, उंदीर, कर्णफुलं, चपला. ताईला हसवणारा एक शब्द मला सुचेना, आणि सुचला असता तरी हेडफोनमधून बोलणं उलटं जात नाही. दूरवर भोंगा झाला. टेपमधला. खिडकीबाहेर रोज होतो तोच भोंगा, पण काल झालेला. मी रडले का ते माहीत नाही. शेजारची माझ्याकडे बघत होती.

साहेब पोटावर हात धरून आले. कागद अजून कोरा होता. "काय म्हणतोय आपला मामा?" त्यांनी विचारलं.

"गुडघा बरा आहे म्हणतो," मी म्हणाले.

"बस, एवढंच?"

"एवढंच."

"चला, बरं झालं म्हाताऱ्याला," ते म्हणाले. "लिहा मग काय ते, आणि पुसून टाका. जागा हवीय." ते गेल्यावर मी लिहिलं, ताई हसली असं लिहिलं, बाहुलीवरून भांडण झालं असंही लिहिलं. मग नियमाप्रमाणे पुसण्याआधी शेवटपर्यंत ऐकलं. मामाने फोन कितीतरी वेळ ठेवलाच नव्हता. घड्याळ चाललं होतं, त्याचा श्वास येत होता, जात होता. मी बटणावर बोट ठेवून बसले होते, आणि तो अजून वाट बघत होता.